नळकोंडाळ्यापासून लोकसभेपर्यंत : मृणालताई गोरे

नळाला पाणी न आले तर पहिली धावपळ कोणाची होते? घरातल्या बाईची. असे असूनही पाण्याच्या योजना ठरविणाऱ्या सभागृहांत पूर्वी बायका क्वचितच दिसत. ही विसंगती ओळखून जिने हंडा आणि सभागृह यांची गाठ घातली, त्या मृणालताई गोरे यांच्या कार्याचे स्मरण महिला मंडळाच्या स्मरणिकेत होणे उचितच आहे.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. त्या माहेरच्या मोहिले. बुद्धी तल्लख असल्याने वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या. परंतु राष्ट्र सेवा दलाच्या कामाची ओढ अधिक ठरली आणि ते शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. १९४८ साली सेवा दलातीलच कार्यकर्ते केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला आणि दोघांनी गोरेगाव ही आपली कर्मभूमी मानली. तेथे स्त्रियांना एकत्र करणे, कुटुंबनियोजनाचा विचार घरोघर नेणे, अशी कामे त्यांनी हाती घेतली. १९५८ साली बंडू गोरे अकाली निवर्तले. पदरी लहान मुलगी होती. तरीही त्यांनी काम सोडले नाही.

गोरेगाव १९५७ साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आले. कर आले, नियम आले. पाणी मात्र पुरेसे आले नाही. शहरासाठी तानसा-वैतरणेचे पाणी लांबून आणले जात होते, पण उपनगराच्या टोकापर्यंत, विशेषतः झोपडवस्त्यांपर्यंत, त्याची धार पोचत नव्हती. १९६१ साली मृणालताई नगरसेविका झाल्या आणि पाण्याचा प्रश्न त्यांनी सभागृहात धसास लावला. सभागृहात मुद्देसूद बोलणे आणि बाहेर रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा, अशी त्यांची दुहेरी पद्धत होती. लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले. कित्येक पुढाऱ्यांना मोठमोठ्या पदव्या मिळतात. पण आपण केलेल्या कामावरूनच नाव पडावे, यासारखा दुसरा मान नाही.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्याच सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. धान्य, तेल, साखर, रॉकेल यांच्या टंचाईने आणि महागाईने गृहिणी मेटाकुटीला आल्या होत्या. तेव्हा समाजवादी मृणालताई व प्रमिलाताई दंडवते, मार्क्सवादी कम्युनिस्ट अहिल्याताई रांगणेकर आणि कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी यांनी पक्षभेद बाजूला ठेवून महागाईविरोधी महिला समिती उभी केली. लाटण्याने थाळ्या वाजवीत हजारो बायका रस्त्यावर आल्या. त्यांतील अनेकींनी तोवर मोर्चा पाहिलाही नव्हता. रोज पोळ्या लाटणारे लाटणे राज्यकर्त्यांना जाब विचारू शकते, हे त्या वेळी प्रथमच उमगले.

१९७५ साली आणीबाणी जाहीर झाली. मृणालताई भूमिगत राहून काम करीत होत्या. पुढे पकडल्या गेल्या आणि त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. १९७७ च्या निवडणुकीत मुंबई उत्तर मतदारसंघातून त्या लोकसभेवर गेल्या. अहिल्याताई रांगणेकरही त्याच वेळी निवडून आल्या आणि प्रमिलाताई १९८० साली. लाटणे मोर्चातल्या तिघीजणी अशा दिल्लीस पोचल्या! इंदिरा गांधींचा रायबरेलीत पराभव झाला होता. मुंबईत घोषणा गाजली : 'पानीवाली बाई दिल्लीमें, दिल्लीवाली बाई पानीमें.'

पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांना आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले. वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकलेल्या बाईला आरोग्यमंत्री होण्याची संधी! त्यांनी ती नाकारली. लोकांत राहून काम करणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. मंत्रिपदावरूनही पुष्कळ करता आले असते, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तथापि ती लोकसभा १९७९ साली विसर्जित झाली, आणि मृणालताईंचे काम त्यानंतरही तीस वर्षे चालू राहिले, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

त्या पुन्हा गोरेगावात रमल्या. सामान्य माणसाला परवडणारे घर मिळावे म्हणून नागरी निवारा परिषदेचा लढा झाला आणि दिंडोशीला सुमारे ६,००० घरे उभी राहिली. १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या व काही काळ विरोधी पक्षनेत्याही झाल्या. याच काळात गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा प्रकार बोकाळला होता. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला, मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले, आणि १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय. केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ साली झाला.

पण एवढ्याने समाधान मानून चालणार नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती. ती २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४ झाली. कायदा सभागृहात होतो. तो पाळला जातो की नाही, हे मात्र घराच्या उंबरठ्याआड ठरते. तेथे नगरसेविका नसते, खासदार नसते; सासू असते, आई असते, शेजारीण असते.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताईंचे निधन झाले. त्यांनी आपल्यासारख्या बायकांच्या बळावर पाणी आणले, भाव विचारले, कायदा करवून घेतला. दुसऱ्या मुलीच्या वेळी दिवस गेलेल्या सुनेकडे घरात कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे मंडळाच्या भगिनींना ठाऊक असते. त्या वेळी तिच्या पाठीशी उभे राहण्यासाठी निवडून यावे लागत नाही. तेवढे आपण केले, तरी मृणालताईंचे उरलेले काम थोडेफार पुढे सरकेल.