बिनविरोध!

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हणून संस्थेच्या इतिवृत्ताच्या सगळ्या वह्या वाचून काढल्या. 25 वर्षांत एक शब्द सतत भेटला : 'बिनविरोध'. अध्यक्ष बिनविरोध, सचिव बिनविरोध, खजिनदार तर कायमच बिनविरोध. परक्याला वाटेल, काय ही एकी! आपल्याला खरं ठाऊक आहे. उभंच कुणी राहत नाही.

मुंबईत गावदेवीला 1915 साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तल्मकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण संस्था उभी राहिली. सभासदांनीच मालक व्हायचं आणि सभासदांनीच कारभार बघायचा, ही सहकाराची मूळ कल्पना. 1960 च्या सहकारी संस्था अधिनियमाने तिला महाराष्ट्रात आजची चौकट दिली. मालक व्हायला आपण सगळे तयार असतो. कारभाराचं नाव काढलं की ऑफिस, मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी.

याला निव्वळ आळस म्हणणं अन्यायाचं होईल. समितीवर आलेल्यांपुढे एम-20 बंधपत्र यायचं : समितीच्या निर्णयांना सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार. त्या 'वैयक्तिकरीत्या'पाशी भल्याभल्यांचं पेन थांबलं. वर रात्री साडेदहाला बेल : "काका, पाणी का नाही?" घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि त्या करपल्या म्हणून बोलणीही खायची!

मग तीच चार-पाच माणसं पुनःपुन्हा. मग जिन्यात कुजबुज : "यांचंच राज्य आहे." वार्षिक सभेला गणपूर्ती नाही, सभा अर्धा तास तहकूब, नंतर हजर असतील तेवढ्यांत ठराव मंजूर. दुसऱ्या दिवशी न आलेल्यांची पत्रं. पार्किंग, गळती, लिफ्ट... विषय बदलले, क्रम तोच. आपल्याकडे खुर्चीसाठी राजकारण फारसं झालंच नाही; झालं ते खुर्च्या रिकाम्या राहिल्यामुळे.

पण 2020 च्या टाळेबंदीत सभेला कधी न दिसलेली मंडळी गेटवर दूध-भाजी वाटत होती. एक वहिनी आजारी घरांची औषधांची यादी सांभाळत होत्या. तेव्हा कुणाला विनवावं लागलं नाही, कारण काम छोटं होतं, नेमकं होतं आणि कधीतरी संपणारं होतं.

हे आज सांगायचं कारण : इमारत पंचविशीची झाली. मोठी दुरुस्ती, पुढे पुनर्विकास, म्हणजे प्रत्येकाच्या घराचे निर्णय येणार. समितीच उरली नाही तर निबंधक प्रशासक नेमू शकतात. मग आपल्या घराचा कारभार बाहेरचा माणूस बघणार.

म्हणून विनंती : प्रत्येक घराने वर्षभरासाठी एकच काम उचलावं. कुणी टाकीची सफाई बघा, कुणी लिफ्टचा करार, कुणी बिलं तपासा. आणि पुढच्या निवडणुकीत जागांपेक्षा दोन अर्ज जास्त येऊ द्या. दोघं हरतील, हरकत नाही, त्यांना चहा मी पाजीन.