कोणी शिजवले आणि कशाचे शिजवले

१

अकरावी-बारावीला माझ्या वर्गात मराठी शिकलेली एक मुलगी पुढे अभियंता झाली आणि चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागली. घर खेड तालुक्यातले, वारकरी. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मांसमच्छीचा प्रश्नच नाही. मुलीने मात्र तीन-चार वर्षांपूर्वी दूध, दही, तूपही सोडले. हल्ली ज्याला 'व्हीगन' म्हणतात, तो तिचा आहार. मध्यंतरी कामानिमित्त ती ऑस्ट्रियाला जाऊन आली आणि परतल्यावर भेटायला आली. तिच्या बोलण्यात यंत्रांपेक्षा एका रात्रीच्या जेवणाचाच विषय अधिक होता.

आपल्या औद्योगिक पट्ट्याचा ऑस्ट्रियाशी संबंध वाटतो तितका दूरचा नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने २००७ साली ऑस्ट्रियातल्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत भाग घेतला. पुढे केटीएमच्या लहान गाड्या चाकणला तयार होऊ लागल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमवर दिवाळखोरीची प्रक्रिया ओढवली आणि २०२५ मध्ये कंपनीचा ताबाच बजाजकडे आला. मात्तिगहोफेन हे अप्पर ऑस्ट्रियातले छोटे गाव आणि इंद्रायणीकाठचा हा पट्टा यांच्यात माणसांची ये-जा सुरू झाली, ती या व्यवहारातून. व्यवहाराबरोबर माणसे जातात आणि माणसांबरोबर त्यांची पोटे. त्या पोटांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही.

यजमानांनी तिला एका जुन्या, प्रतिष्ठित भोजनगृहात नेले होते. पांढरे टेबलक्लॉथ, काळ्या जाकिटातले वाढपी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पदार्थ. अशा ठिकाणी दूध, अंडे आणि मांस वर्ज्य असलेल्या माणसाने काय खावे? श्नित्सेल म्हणजे वासराच्या मांसाचा पातळ काप. तो अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात आणि परंपरेने ज्यात तळतात, ते म्हणजे कढवलेले लोणी, आपले तूपच. बटाट्याच्या सॅलडला गोमांसाचा रस्सा लावलेला असतो. पावाच्या गोळ्यांत अंडे आणि दूध, आंबवलेल्या कोबीत बहुधा डुकराची चरबी. जे दिसायला निव्वळ भाजी, त्यातही प्राणी विरघळलेला.

पण मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थापुढे बारीक अक्षरे होती. युरोपीय संघाच्या नियमानुसार डिसेंबर २०१४ पासून भोजनगृहांना ॲलर्जीकारक घटक कळवावे लागतात आणि ऑस्ट्रियात त्यासाठी वर्णाक्षरे वापरतात. सी म्हणजे अंडे, जी म्हणजे दूध. ती अक्षरे वाचत गेली. वाढप्याने ते पाहिले, स्वयंपाकघरात जाऊन आला आणि जेवण ठरले. स्टायरिया प्रांतातल्या मोठ्या, जांभळ्या ठिपक्यांच्या घेवड्याचे थंड सॅलड, त्यावर कच्चा कांदा आणि भोपळ्याच्या बियांचे गडद हिरवे तेल. मग तेलावर परतलेली रानातली पिवळी अळिंबी आणि उकडलेले बटाटे. शेवटी दालचिनी घालून शिजवलेले आलुबुखार.

"सर, मला तिथं कुणी 'का' म्हणून विचारलंच नाही," ती म्हणाली. "फक्त विचारलं, काय चालेल. आणि घरी मी तूप नको म्हटलं की आई म्हणते, म्हणजे आता माझ्या हातचं चालत नाही का तुला?"

प्रस्तुत लेख या दुसऱ्या वाक्यापासून सुरू होतो.

२

अन्नाविषयी माणसे दोन प्रश्न विचारीत आली आहेत. एक, हे कोणी शिजवले? दुसरा, हे कशाचे शिजवले? हे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात शिजवणाऱ्याचा न्याय होतो, दुसऱ्यात पदार्थाचा. मराठी समाजाच्या इतिहासात मात्र ते एकमेकांत इतके मिसळून गेले की, एक विचारला तरी दुसराच ऐकू यावा.

पहिल्या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण पुण्यातलेच आहे. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, बहिष्काराची भाषा झाली, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. या साऱ्या वादात चहात दूध होते का, बिस्किटात अंडे होते का, हा मुद्दा मुख्य नव्हता. मुख्य मुद्दा पेला पुढे करणाऱ्या हाताचा होता.

याच्या सात वर्षे आधी, १८८३ मध्ये, पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मांसाहार मात्र त्यांनी स्वीकारला नाही. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. धर्मांतराच्या चर्चेइतकाच तो ताटाच्या चर्चेसाठीही वाचण्यासारखा आहे. सिस्टर जेराल्डाइन यांना रमाबाईंच्या आहारनियमांत उरलेला जात्यभिमान दिसत होता. रमाबाईंचे म्हणणे असे की, ज्या चालीरीतींनी कोणाचे नुकसान होत नाही, त्या मी केवळ देश बदलला म्हणून का टाकाव्या? इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली, तर ती आपल्या सवयी टाकते का?

दोघींपैकी एकीलाच बरोबर ठरवणे सोपे आहे, पण त्याने फारसे साधत नाही. रमाबाई ज्या समाजातून आल्या होत्या, तिथे 'मी हे खात नाही' या वाक्यामागे 'मी तुझे खात नाही' हे वाक्य शतकानुशतके उभे होते. ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम ऐकू आली, तर त्याचा सगळा दोष ऐकणाऱ्याचा नव्हता. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर आणि खेड तालुक्यातली ती आई यांच्यात दुसरे कोणतेच साम्य नाही. पण दोघींनी ऐकले ते एकच.

३

ऑस्ट्रियाच्या टेबलावर दुसरा प्रश्न इतक्या सहज विचारता आला, यामागेही इतिहास आहे. तो केवळ आधुनिक सौजन्याचा नाही. कॅथलिक युरोपात उपवासाचे दिवस वर्षात भरपूर असत. मांस तर वर्ज्यच, पण मध्ययुगात ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या मोठ्या उपवासात दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य असत. ऑलिव्हचे तेल न पिकणाऱ्या आल्प्सपलीकडच्या प्रदेशांना हे फार जड जाई आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे लोण्याला सवलती मिळू लागल्या. तोवर श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात दुधाची जागा बदामाचे दूध घेत होते. आज महागड्या दुकानातून बाटलीत मिळणारे बदामाचे दूध म्हणजे एका जुन्या उपवासाची आठवण आहे.

शाकाहारी खानावळही तिथे नवी नाही. १८८० साली रिचर्ड वाग्नरने धर्म आणि कला या विषयावरील निबंधात शाकाहाराचा पुरस्कार केला आणि व्हिएन्नातले काही तरुण त्याने भारावले. संगीतकार गुस्ताफ मालर त्याच वर्षी शाकाहारी झाला. पुढे ऑस्ट्रियन समाजवादी पक्षाचा नेता झालेला व्हिक्टर आडलर याच वर्तुळातला, आणि ही मंडळी व्हिएन्नातल्या एका शाकाहारी खानावळीत जमत असत. आज त्याच शहरात टियान नावाचे उच्चभ्रू शाकाहारी भोजनगृह आहे आणि त्याला मिशेलिनचा तारा मिळालेला आहे. म्हणजे ज्या देशाची ओळख श्नित्सेलने होते, त्याच्या पोटातही त्यागाची एक धारा वाहत होती. ती कधी चर्चच्या आज्ञेने आली, कधी तरुणांच्या आदर्शवादाने. उपाहारगृहाच्या 'पारंपरिक' यादीत ती दिसत नाही, कारण परंपरा म्हणून सणाचे ताट मिरवले जाते. उपवासाचे आणि गरिबीचे ताट मिरवण्याची रीत नाही.

यजमानांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. सफरचंदाच्या श्ट्रुडेलमधला पावाचा चुरा लोण्यात भाजलेला, त्यामुळे तो तिला चालणार नव्हता. पण त्याचे वरचे आवरण करायला लागते ते पीठ, पाणी, मीठ आणि थोडे तेल. मळलेला गोळा झाकून ठेवायचा, मग कापडावर दोन्ही हातांच्या पाठींनी ताणत न्यायचा, खालचे वर्तमानपत्र वाचता येईल इतका पातळ होईपर्यंत. श्ट्रुडेलची व्हिएन्नातली सर्वांत जुनी ज्ञात हस्तलिखित कृती १६९६ सालची आहे.

"मला मांडे आठवले," ती म्हणाली.

४

मलाही तेच आठवले असते. मांडेही असेच, पिठाचा गोळा हातांवर झुलवत, ताणत पातळ करायचा आणि उपड्या खापरावर भाजायचा. आणि चाकणहून पिंपरीकडे येताना मांड्यांची आठवण झाली की आळंदी टाळता येत नाही.

संतचरित्रांतून घरोघर पोहोचलेली ती आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानदेवांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात गेली. संन्याशाच्या मुलांना कोणी खापर देऊ नये, असा विसोबा चाटीचा दम होता. ती रिकाम्या हाताने रडत परतली, तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिच्यावर मुक्ताईने मांडे भाजले. पुढे विसोबाच शरण आला.

आपण ही कथा चमत्कार म्हणून ऐकतो. अन्नाच्या इतिहासाच्या अंगाने ऐकली, तर तिचे मर्म चमत्काराच्या आधीच आहे, खापर नाकारण्यात. मांड्यात काय आहे, हे विसोबा विचारत नाही. कोण भाजणार, एवढेच त्याला पुरते. वारकरी परंपरेने ही कथा सातशे वर्षांच्या आठवणीत जपली, ती पहिल्या प्रश्नाविरुद्धचा पुरावा म्हणून, असे मला वाटते. आणि त्याच परंपरेने माळेच्या रूपाने दुसरा प्रश्नही जपला आहे. माळ घातलेला माणूस मांस खात नाही. ती माळ मात्र कोणत्याही जातीच्या गळ्यात पडू शकते.

त्याच भूमीवर विसाव्या शतकात कारखाने आले. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि माळरानांची चाळणी होत गेली. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४६व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली होती. सामाजिक इतिहासात या कलमाची दखल फारशी कोणी घेत नाही. रांगेत उभे राहून खणाखणांचे ताट पुढे करणारा कामगार, पलीकडून डाव पालथा करणारा हात कोणाचा, हे विचारू शकत नव्हता. गावातल्या पंगती बदलायला अजून वेळ होता. पण पाळीच्या भोंग्याने पहिला प्रश्न, निदान अर्ध्या तासापुरता, बंद पाडला होता.

५

मग दुसरा प्रश्न निर्मळपणे विचारायला आपण मोकळे झालो का? इथे भाषा आडवी येते.

आपल्या 'शाकाहार' या शब्दात दूध आहे, अंडे नाही. ऑस्ट्रियातल्या 'शाकाहारी' पदार्थात दूधही आहे आणि अंडेही. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली घडवला, तो दोन्ही वगळण्यासाठी. आपल्याकडे २००१ पासून पाकिटांवर हिरवा ठिपका आला आणि व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम २०२२ साली झाले. परंतु या अर्थाचा रुळलेला मराठी शब्द आपण अजून घडवलेला नाही. दूध आपल्याला इतके सात्त्विक वाटते की, ते सोडण्याची कल्पनाच भाषेला सुचली नसावी.

अपवाद गांधीजींचा. १९१२ साली त्यांनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. १९१९ च्या आरंभी मुंबईत शस्त्रक्रियेनंतर प्रकृती सुधारेना, तेव्हा व्रत घेताना गाय-म्हैसच मनात होती, असे कस्तुरबांनी सुचवले आणि ते शेळीचे दूध घेऊ लागले. शब्द पाळला, पण व्रताचा आत्मा गेला, ही कबुली त्यांनी आत्मकथेत दिली आहे. हा प्रामाणिकपणा मला व्रताहून मोठा वाटतो.

आणखी एक सावधगिरी हवी. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आले. ज्यांच्या खाद्यसंस्कृतीला आपल्या पाककृतींच्या पुस्तकांत कधी पानच मिळाले नाही, त्यांच्या ताटाचा तो दस्तऐवज आहे. नावातच त्यांनी आपल्या लाडक्या वचनाला एक 'अ' जोडला आहे. 'मी दूधही घेत नाही' असे म्हणणारा माणूस ते वाचल्याशिवाय बोलू लागला, तर त्याच्या करुणेला नकळत सोवळ्याचा वास येऊ लागेल. प्राण्याविषयीची दया आणि माणसाविषयीचा विटाळ आपल्याकडे एकाच पाटावर बसत आले आहेत. त्यांना वेगळे करण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नव्हे.

हे मी तिला जवळपास याच शब्दांत सांगितले. ती काही बोलली नाही.

होळीनंतर तिचा फोन आला. या वेळी तिने आईला 'तूप नको' असे म्हटलेच नव्हते. आईजवळ बसून तिने विचारले होते, तुझ्या लहानपणी तुमच्याकडे पोळीवर तूप असायचे का? आई हसली. घरी म्हैस होती, पण दूध सगळे गावच्या रतिबाला जाई. घरातली पोळी तेलावर लाटलेली असे, तेलपोळी, आणि सोबत कटाची आमटी. रोजचे तर बाजरीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी. वारकऱ्याच्या त्या घरात दुधातुपाविना जेवण पिढ्यान्‌पिढ्या होत होते. नाव नव्हते आणि निवडही नव्हती.

त्या दिवशी आईने कित्येक वर्षांनी तेलपोळ्या केल्या. हात जड झालाय म्हणत होती, पण एकही पोळी फाटली नाही.