मुक्तस्रोत संचालन प्रणालींचे मराठीकरण

मुक्तस्रोत संचालन प्रणालींचे मराठीकरण म्हणजे लिनक्स गाभ्यावर आधारलेल्या डेबियन, फेडोरा, बॉस यांसारख्या संचालन प्रणाली, आणि त्यांच्यासोबत येणारी ग्नोम व केडीई ही कार्यपटले, मराठी भाषकास मराठीतून वापरता यावीत यासाठी केले जाणारे काम होय. संचालन प्रणाली हा शब्द ऑपरेटिंग सिस्टिम या अर्थाने येथे वापरला आहे. या कामात आज्ञा व सूचनांचे भाषांतर, टंक व कळफलक यांची सिद्धता, शुद्धलेखन-तपासणीचे कोश, वर्णक्रम व अंक यांचे नियम आणि दोषांची नोंद यांचा समावेश होतो. हे काम मुख्यत्वे स्वयंसेवकांवर अवलंबून आहे. त्यात सहभागी होण्यास प्रोग्रॅमिंग येणे आवश्यक नाही. मात्र चांगले मराठी येणे आवश्यक आहे, आणि व्यवहारात हीच अट अधिक कठीण ठरते.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स हा गाभा लिहिला. या दोहोंच्या संयोगातून, आणि कोणासही मूळ संहिता वाचण्याचा, बदलण्याचा व वाटण्याचा अधिकार देणाऱ्या परवान्यांमुळे, जगभर अनेक संचालन प्रणाली तयार झाल्या. डेबियनची स्थापना १९९३ मधील, तर फेडोराची २००३ मधील.

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाने या चळवळीस आरंभापासून गोंधळात टाकले आहे, कारण त्याचा अर्थ विनामूल्य असाही होतो. मराठीस ही अडचण नाही. 'मुक्त', 'मोफत' आणि 'रिकामी' (जसे, डिस्कवरील रिकामी जागा) असे तीन वेगळे शब्द येथे उपलब्ध आहेत. अट इतकीच की कोणत्या वाक्यात कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे भाषांतरकाराने ओळखले पाहिजे.

मराठीतील इतिहास

देवनागरीचा संगणकीय पाया सरकारी प्रयत्नांतून घातला गेला. भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये प्रमाण ठरला आणि इस्की ही सांकेतिक पद्धती १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तरीही पुढील दीर्घकाळ मराठी मुद्रणव्यवसाय परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांवर चालला. एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की त्याची अक्षरश: माती होई. मुक्त प्रणालींनी मात्र आरंभापासून युनिकोडची कास धरली.

भारतीय भाषांत लिनक्स आणण्याचा संघटित प्रयत्न मुंबईतील इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पाने केला. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये लोहित मालिकेतील टंक मुक्त परवान्याखाली खुले केले. आजचा लोहित देवनागरी हा टंक याच मालिकेतील आहे. कंपनीच्या पुणे कार्यालयात मराठीसह अनेक भारतीय भाषांच्या भाषांतरकारांची तुकडी काम करीत असे. फेडोरा आणि ग्नोम यांच्या मराठी भाषांतराचा मोठा भाग या काळातील आहे.

सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये डेबियनवर आधारित बॉस ही प्रणाली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी रायगड जिल्ह्यातील एका लहानशा शाळेत 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या योजनेतील, फेडोरावर आधारलेली शुगर प्रणाली असलेले छोटे संगणक मुलांच्या हाती पडले. १४ फेब्रुवारी २००९ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन ५.० या आवृत्तीत प्रणालीची स्थापना मराठीतून करण्याची सोय प्रथमच झाली. ही सोय केवळ चित्रमय स्थापनापद्धतीत होती, कारण जोडाक्षरे व मात्रा यांची योग्य जुळणी अक्षरमय पडद्यावर होत नसे. हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ या भाषांचीही तीच स्थिती होती.

नवागतांचा प्रवेश

बहुतेक प्रकल्पांत प्रवेशाचा मार्ग सारखा असतो. इच्छुकाने प्रथम ती प्रणाली मराठीतून काही दिवस वापरावी. हा सल्ला साधा आहे. पण तो पाळला जात नाही आणि त्यामुळे पडद्यावर कधी न पाहिलेल्या वाक्यांचे भाषांतर होते. वापरताना खटकलेल्या जागांची टिपणे काढावीत. त्यानंतर प्रकल्पाच्या मराठी चमूची शैलीपत्रिका व शब्दसूची वाचून, चमूच्या समन्वयकास आपला परिचय द्यावा आणि पहिले काम लहान घ्यावे. शंभर ओळींचे एखादे छोटे उपयोजन पूर्ण करणे हे पाच हजार ओळींच्या उपयोजनातील पहिल्या शंभर ओळी करून सोडून देण्यापेक्षा श्रेयस्कर मानले जाते.

नवागताचे भाषांतर थेट स्वीकारले जात नाही. अनुभवी सदस्य ते तपासतो, शेरे देतो, आणि दुरुस्तीनंतर ते मूळ संहितेत समाविष्ट होते. शाळेतील वही-तपासणीशी याचे साम्य आहे. फरक इतका की येथील शेरे सर्वांना दिसतात आणि ते कायम राहतात. त्यामुळे प्रौढ व्यक्तींना, विशेषत: भाषेचे शिक्षण घेतलेल्यांना, पहिला शेरा जड जातो. शेऱ्याचे उत्तर शब्दकोशातील आधार देऊन किंवा पर्याय सुचवून द्यावे, ही पद्धत रूढ आहे.

ग्नोमचे भाषांतर त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र संकेतस्थळावरून चालते. फेडोराने आरंभी ट्रान्सिफेक्स, नंतर झनाता आणि पुढे वेबलेट ही साधने स्वीकारली; जुन्या मार्गदर्शिकांत पहिल्या दोन साधनांचे उल्लेख अजून आढळतात, ते आता उपयोगाचे नाहीत.

भाषांतराचे तंत्र

भाषांतराची धारिका 'पीओ' प्रकारची असते. तिच्यात एका ओळीत मूळ इंग्रजी वाक्य आणि तिच्या खालील ओळीत भाषांतर, अशा जोड्या असतात. मूळ ओळीस हात लावायचा नसतो. इंग्रजी वाक्यात पुढे थोडाही बदल झाला तर जुने मराठी भाषांतर 'धूसर' म्हणून चिन्हांकित होते आणि कोणी ते पुन्हा तपासून पक्के करेपर्यंत वापरकर्त्यास इंग्रजीच दिसते. म्हणून एकदा पूर्ण केलेले भाषांतर पूर्ण राहत नाही. दर नव्या आवृत्तीगणिक ते थोडे थोडे झिजते.

वाक्यात मधूनच शेकडा चिन्ह आणि त्यापुढे एखादे रोमन अक्षर येते. कार्यक्रम चालताना त्या जागी फाइलीचे नाव किंवा संख्या येऊन बसते. हे चिन्ह वगळले किंवा अक्षर देवनागरीत लिहिले तर कार्यक्रम बंद पडू शकतो. अशी दोन चिन्हे असल्यास मराठीत त्यांचा क्रम बहुधा उलटतो, कारण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. तेव्हा चिन्हांना अनुक्रमांक देण्याची सोय वापरावी लागते. आज्ञांच्या नावांत येणारी अधोरेषा किंवा केडीईतील 'आणि' या अर्थाचे चिन्ह हे कळफलकावरील लघुमार्ग दर्शवते. तेही जपावे लागते.

मराठी भाषेचे प्रश्न

इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले कार्यक्रम मराठी व्याकरणाशी पदोपदी अडखळतात. सर्वांत मोठी अडचण सामान्यरूपाची आहे. मराठीत नामास प्रत्यय लागताना नामाचे रूप बदलते. पण चिन्हाच्या जागी कोणते नाव येणार हे भाषांतरकारास ठाऊक नसते, आणि नावही रोमन लिपीत असू शकते. त्यामुळे चिन्हासच 'मध्ये' किंवा 'ला' जोडणे टाळून 'या फाइलीमध्ये', 'या नावाच्या वापरकर्त्यास' अशी रचना करावी. वाक्य थोडे लांबते, पण मोडत नाही.

दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजीतील 'डिलीटेड' हा एकच शब्द फाइल, दस्तऐवज आणि चित्र या तिन्हींसाठी वापरला असेल, तर मराठीत अनुक्रमे 'हटवली', 'हटवला' आणि 'हटवले' अशी तीन रूपे लागतात. अशा वेळी अंदाजाने एक रूप ठोकून देऊ नये. मूळ प्रकल्पात दोषाची नोंद करून प्रत्येक संदर्भासाठी स्वतंत्र ओळ मागता येते, आणि विकासक ती सहसा देतात. ही अडचण मराठीखेरीज हिंदी, रशियन, फ्रेंच अशा अनेक भाषांची असल्यामुळे ती त्यांच्या परिचयाची असते.

अनेकवचनासाठी मराठीत दोन रूपांचा नियम नोंदलेला आहे: एक या संख्येसाठी पहिले, इतर सर्वांसाठी दुसरे. 'मिनिट' व 'मिनिटे' यांत फरक पडतो, 'दिवस' व 'तास' यांत पडत नाही. तरी दोन्ही ओळी भराव्या लागतात.

आज्ञार्थाचा प्रश्न गमतीचा आहे. बटणावरील शब्द ही वापरकर्त्याने यंत्रास दिलेली आज्ञा असते. तरीही मराठीत तेथे 'जतन कर' असे न लिहिता 'जतन करा' असे आदरार्थी रूप रूढ झाले. यंत्रास आदर देण्याचा हेतू त्यामागे नसावा. 'कर' हे रूप पडद्यावर वाचणाऱ्यास स्वत:लाच उद्देशून वाटते आणि ते खटकते. 'उघडा' हे रूप आज्ञार्थ आहे की विशेषण, हे मात्र संदर्भावरूनच ठरवावे लागते.

परिभाषेचा वाद सर्वांत जुना आहे. फाइलीस धारिका म्हणावे की संचिका, की फाइलच म्हणावे, यावर चमूंत मतभेद झाले आणि एकाच पडद्यावर तिन्ही शब्द दिसण्याची वेळ आली. नित्य वापराच्या शब्दांची प्रमाण सूची करण्याचा प्रयत्न 'फ्युएल' या प्रकल्पाने केला. २००८ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात मराठीचीही सूची सिद्ध झाली. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही उपयुक्त आहेत, परंतु त्यांतील शब्द ग्रंथांसाठी घडवलेले असून बटणावर मावतातच असे नाही. वाचकाच्या तोंडी जो शब्द आहे तो सोडून केवळ संस्कृतनिष्ठतेसाठी नवा शब्द घडवणे, किंवा उलटपक्षी 'जतन करा', 'रद्द करा', 'शोधा' असे रुळलेले शब्द सोडून इंग्रजीकडे धावणे, ही दोन्ही टोके टाळावीत.

यांत्रिक भाषांतर तपासल्याविना सादर करू नये असा बहुतेक चमूंचा दंडक आहे. एकेकटा शब्द असलेल्या ओळींत यंत्र हमखास फसते: 'राइट' म्हणजे उजवीकडे, बरोबर की हक्क, हे त्यास कळत नाही.

लिपी, वर्णक्रम आणि कोश

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल भाग. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतही तोच भेद आहे. हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्ही दिसायला सारखे असले तरी शोध घेताना एक दुसऱ्यास सापडत नाही. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र स्थान २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाले. त्यापूर्वी ते अ व चंद्र जोडून लिहिले जाई. जुन्या भाषांतरांतील अशी रूपे बदलणे हे नवागतास देता येण्याजोगे सोपे व उपयुक्त काम आहे.

महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी प्रमाणीकृत वर्णमाला ठरवली, त्यात ल आणि श यांची मराठी वळणे कायम ठेवली. युनिकोडमध्ये हिंदी व मराठी ल यांचा सांकेतिक क्रमांक एकच असल्याने, मजकूर मराठी आहे हे टंकास कळवावे लागते. टंकात तशी सोय असेल तरच मराठी वळण उमटते. सांकेतिक क्रमांकांत ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ह नंतर येते. म्हणून केवळ क्रमांकांवर विसंबून लावलेली यादी मराठी कोशाच्या क्रमाने लागत नाही. त्यासाठी भाषेची माहिती नोंदवणाऱ्या धारिकेत नियम घालावा लागतो. लाख-कोटींची स्वल्पविरामे, वारांची व महिन्यांची नावे, देवनागरी अंक यांचेही तेच.

शुद्धलेखन-तपासणीचा हनस्पेल कोश हे मराठी पदवीधरांसाठी बहुधा सर्वांत मोठे मोकळे क्षेत्र आहे. 'घर' या एका शब्दापासून घरी, घरात, घरातून, घरासमोरचा, घरासमोरच्यांना अशी रूपे निघतात. ती सर्व यादीत लिहिणे अशक्य असल्याने मूळ शब्द आणि प्रत्ययांचे नियम वेगवेगळ्या धारिकांत ठेवतात. नियम अपुरे असतील तर शुद्ध शब्दाखालीही तांबडी रेघ येते, आणि वापरकर्ता तपासणीच बंद करून टाकतो.

स्थलनामांचे काम लहान वाटले तरी नाजूक आहे. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नकाशाच्या उपयोजनांत जुने नाव पर्यायी म्हणून राहू देणे इष्ट, कारण जुन्या कागदपत्रांवरून शोध घेणारे बरेच असतात. शिर्डी ज्या तालुक्यात येते तो राहाता तालुका तर मराठीतच दोन-तीन प्रकारे लिहिलेला आढळतो.

दोषांची नोंद आणि गाभ्यातील योगदान

दोष कळवताना प्रणालीची आवृत्ती, वापरलेला टंक, दोष दिसेपर्यंतच्या पायऱ्या, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, हे क्रमाने लिहावे आणि पडद्याचे चित्र जोडावे. मराठी न वाचणाऱ्या विकासकास जोडाक्षर मोडले आहे हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी शुद्ध व अशुद्ध अशी दोन्ही चित्रे शेजारी द्यावीत. 'मराठी नीट दिसत नाही' एवढ्याच नोंदीवर कोणी काही करू शकत नाही.

लिनक्स गाभ्याचे संदेश भाषांतरित होत नाहीत, त्यामुळे तेथील योगदान संहितेचे व इंग्रजीतूनच असते. बदल साध्या मजकुराच्या ईमेलने, त्या भागाच्या पालकाकडे पाठवायचा असतो. पालकांची नावे संहितेसोबतच्या एका धारिकेत नोंदलेली असतात. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याची स्वाक्षरीची ओळ आवश्यक आहे. हा बदल या परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही असते. बदलांचा हिशेब ठेवणारे गिट हे साधन टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये याच कामासाठी लिहिले. लिनक्सची प्राथमिक ओळख मराठीतून करून घेण्यास आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील ध्वनिचित्रफिती उपलब्ध आहेत.

सद्यस्थिती

ग्नोममध्ये ज्या भाषेतील किमान ८० टक्के वाक्ये भाषांतरित आहेत, ती भाषा समर्थित मानली जाते. पगारी भाषांतरकार असताना भारतीय भाषांना ही मर्यादा गाठणे जमले. स्वयंसेवकांच्या भरवशावर ती टिकवणे अवघड जाते. अर्धवट भाषांतराचा परिणाम शून्य भाषांतराहून वाईट होतो, कारण एकाच खिडकीत दोन भाषा मिसळतात आणि वापरकर्ता मराठी बंद करून इंग्रजीकडे वळतो. तो वळला की मराठीतील दोष कळवणारा एक जण कमी होतो. मोठ्या प्रकल्पांच्या मराठी चमूंत दर आवृत्तीपूर्वी नियमितपणे धूसर ओळी तपासणाऱ्या दोन-तीन व्यक्ती असल्या, तरी भाषांतराची झीज थांबते. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी निघते आणि तिच्या काही आठवडे आधी मूळ इंग्रजी वाक्ये गोठवली जातात. भाषांतरकारास उसंत मिळते ती त्याच आठवड्यांत.