ओव्हरडोसचा कोड लावताना

पुण्यात, नवी मुंबईत, हैदराबादला किंवा चेन्नईला बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचे चार्ट वाचणाऱ्या कोडरांत मराठी मुलंमुली बरीच आहेत. कुणी बी. फार्म. झालेलं, कुणी नर्सिंग केलेलं, कुणी साधं बी.एस्सी. शरीररचना त्यांना येते, नियमांची पुस्तिका तोंडपाठ असते. तरी ओव्हरडोसचा चार्ट समोर आला की हात थबकतो. हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे.

अमेरिकेत २०२१ या एका वर्षात ओव्हरडोसने १ लाख ६ हजारांवर माणसं दगावली. त्यातल्या सुमारे ७० हजार मृत्यूंत फेंटॅनिलसारखी कृत्रिम ओपिऑइड्स आढळली. हे कळतं, कारण मृत्यूच्या दाखल्यावरच्या शब्दांना कोड दिले जातात. दाखल्यावर नुसतं ‘ड्रग ओव्हरडोस’ लिहिलं असेल, तर तो मृत्यू टी५०.९ या अनिर्दिष्ट औषधांच्या खान्यात जातो आणि माणूस नेमका कशाने गेला हे आकडेवारीला कधीच कळत नाही. मृत्यूंचं कोडिंग तिथली वेगळी यंत्रणा करते. आपल्या पडद्यावर येतात ते रुग्णालयात पोचलेले रुग्ण. पण दोन्हीकडे जे लिहिलं जातं तेवढंच मोजलं जातं.

१ ऑक्टोबर २०१५ पासून तिथली रुग्णालयं आयसीडी-१०-सीएम वापरतात. त्यात औषधांच्या विषबाधेचे कोड टी३६ ते टी५० मध्ये आहेत. औषध कोणतं, हे कोडची सुरुवातीची अक्षरं सांगतात. खरी परीक्षा पुढच्या एका आकड्याची असते, बहुतेक कोडांत तो सहाव्या जागी येतो. १ म्हणजे अपघाताने, २ म्हणजे स्वतःला इजा करण्यासाठी, ३ म्हणजे दुसऱ्याने केलेला घात, ४ म्हणजे हेतू ठरवता न आलेला, ५ म्हणजे दुष्परिणाम आणि ६ म्हणजे ठरल्यापेक्षा कमी घेतलेलं औषध.

डिगॉक्सिन घेणाऱ्या एका आजींचं उदाहरण घेऊ. नाडी मंदावली म्हणून त्यांना इमर्जन्सीत आणलं. गोळी लिहून दिली होती तशीच त्या घेत असतील, तर हा दुष्परिणाम. आधी मंद नाडीचा आर००.१ आणि मग टी४६.०एक्स५ए. पण सकाळची गोळी घेतल्याचं विसरून त्यांनी ती पुन्हा घेतली असेल, तर ही विषबाधा. आता टी४६.०एक्स१ए आधी येतो आणि नाडी मागे जाते. औषध तेच, लक्षण तेच, ईसीजीही सारखाच दिसू शकतो. बदलतं ते एवढंच, की गोळी पोटात कशी गेली. ही माहिती लॅब रिपोर्टमध्ये नसते. बरेचदा ती सोबत आलेल्या नातेवाइकाने नर्सला सांगितलेल्या एका वाक्यात असते, आणि डॉक्टरांकडून पक्की करून घ्यावी लागते.

सर्वाधिक गोंधळ ४ या आकड्याचा होतो. हेतूबद्दल चार्टमध्ये काहीच लिहिलेलं नसलं की नवे कोडर ४ लावून मोकळे होतात. नियम तसा नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर अपघात धरायचा. हेतू ठरवता येत नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तरच ४. व्यवहारात हा नियम सोयीचा आहे, पण मला त्याची काळजी वाटते. जीव द्यायला निघालेला माणूस त्यामुळे अपघाताच्या आकड्यात मिसळून जाऊ शकतो. म्हणून चार्टमध्ये चिठ्ठीचा, रिकाम्या बाटलीचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांना बोलावल्याचा उल्लेख दिसला, तर १ लावून पुढे जाऊ नका. २ सुद्धा स्वतःच्या अंदाजाने लावू नका. डॉक्टरांना क्वेरी पाठवा. रुग्णाला व्यसन आहे, एवढ्यावरूनही हेतू ठरत नाही.

औषधाच्या नावाबाबतही हीच शिस्त हवी. नॅलॉक्झोन दिलं आणि रुग्णाने डोळे उघडले, म्हणजे ओपिऑइडच असणार, असं मनात येतं. तरी डॉक्टरांनी तसं लिहिल्याशिवाय टी४० लावता येत नाही. कधी डॉक्टर हेरॉइन लिहितात आणि लघवीच्या तपासणीत फेंटॅनिलही सापडतं. १ ऑक्टोबर २०२० पासून फेंटॅनिलला टी४०.४१ हा स्वतंत्र कोड मिळाला. त्याआधी ते इतर कृत्रिम ओपिऑइड्समध्येच मोजलं जाई. पण डॉक्टरांनी त्याची नोंद केली नाही, तर तो स्वतंत्र कोड असून नसल्यासारखा. नुसत्या रिपोर्टवरून कोडर तो लावू शकत नाही. इथेही क्वेरीच करावी लागते.

शेवटच्या ‘ए’ बद्दल थोडक्यात सांगतो. तो पहिल्या भेटीचा नव्हे, चालू उपचारांचा आहे. आजी दुसऱ्या रुग्णालयात हलवल्या आणि तिथे विषबाधेवर उपचार चालूच राहिले, तर तिथेही ‘ए’च.

दिवसाला ठरलेले चार्ट पुरे करायचा रेटा मला ठाऊक आहे. तरीही ओव्हरडोसचा चार्ट आला की आधी इमर्जन्सीची नोंद पहिल्या ओळीपासून वाचा, मग औषधं आणि रसायनांच्या तक्त्यात कोड शोधा, आणि मुख्य यादीत तो ताडून पाहिल्याशिवाय सबमिट करू नका. पहिल्या प्रकरणाची सुरुवात त्या तक्त्यापासूनच केली आहे.