जावरची रूप्याची खाण



ठाण्याहून कल्याणास जातांना वाटेंत पारसिकचा डोंगर लागतो. मी शिक्षक असतांना वर्गांतील एखादा मुलगा दरवर्षीं विचारीच, "सर, ह्या डोंगरांत सोनें-रुपें कां सांपडत नाहीं?" मी उत्तर देत असें कीं, आपले डोंगर सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेल्या शिलारसाचे बनले आहेत, ह्या काळ्या दगडांत रूप्याच्या शिरा नाहींत. आपल्याकडे रुपें आलें तें बाहेरूनच. कांहीं व्यापारानें, कांहीं खंडणीनें. एवढें सांगून मी फळा पुसत असें. खंडणी देणाऱ्याच्या घरीं पुढें काय झालें, हें मुलांनीं कधीं विचारलें नाहीं, आणि मींहि कधीं सांगितलें नाहीं. सेवानिवृत्तीनंतर मेवाडांत जाण्याचा योग आला, तेव्हां हा राहिलेला धडा मला तेथें मिळाला.

उदेपूरच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर अरवलीच्या कुशींत जावर नांवाचें ठिकाण आहे. अरवलीच्या पलीकडे मारवाडचें वाळवंट. येथील जुन्या घरांच्या कांहीं भिंती पाहून प्रथम उलगडाच होईना. कारण त्या विटांच्या नव्हत्या, दगडांच्याहि नव्हत्या. भट्टींतून काढून टाकलेल्या मातीच्या मुशी एकीवर एक रचून त्या उभारल्या होत्या. आकार हुबेहूब वांग्यासारखा! एक कारखाना शतकानुशतकें चालला, त्याची ही साक्ष होय.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस राणा लाखा ह्याच्या कारकीर्दींत ह्या खाणी उघडल्या, असें परंपरा सांगते. परंतु खाणींत सांपडलेल्या जुन्या लांकडांची परीक्षा केली असतां येथील खोदकाम सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचें ठरलें आहे. खडकाशीं लांकडें पेटवून तो तापवावा, तडकला म्हणजे फोडावा, ही त्या काळची रीत. निघालेल्या धातुकापासून शिसें काढावयाचें आणि तें हवेंत तापवीत राहावयाचें. शिशाची राख होऊन ती बाजूस होते आणि रूप्याचा लहानसा गोळा मागें उरतो.

जावरची खरी कीर्ति मात्र जस्ताची आहे. जस्त ९०७ अंशांवर उकळतें, आणि त्याची वाफ हवेस लागली कीं जळून जाते. म्हणून येथील कारागिरांनीं मुशी भरून त्या भट्टींत उपड्या लावल्या. वरून आंच, खालीं थंडावा; वाफ नळींतून खालीं उतरे आणि खालच्या भांड्यांत जस्त ठिबके. एका भट्टींत अशा ३६ मुशी. हें काम येथें बाराव्या शतकाच्या सुमारास मोठ्या प्रमाणावर चालत होतें. युरोपांत विल्यम चॅम्पियन ह्यानें जस्त गाळण्याचें पेटंट घेतलें तें १७३८ सालीं! ह्याच जावरांत राणा कुंभाची कन्या रमाबाई हिनें १४९७ सालीं मंदिर व कुंड बांधविलें. त्यावरून ह्या वस्तीच्या वैभवाची कल्पना यावी.

मग हें सारें ओसाड कां पडलें? येथें माझ्यासारख्या मराठी शिक्षकास थोडें थांबावें लागतें. १७३६ सालीं बाजीराव पेशव्यांनीं मेवाडावर दरसाल १,६०,००० रुपयांची खंडणी बसविली. १७६९ सालीं महादजी शिंद्यांनीं उदेपुरास वेढा घातला. पुढें मेवाडच्या सरदारांतील दुही, शिंदे-होळकरांच्या फौजा आणि पेंढारी ह्यांनीं तो मुलूख पिळून काढला. ह्या तारखा मीं वर्षानुवर्षें मोठ्या अभिमानानें फळ्यावर लिहिल्या आहेत. अशा खिळखिळ्या झालेल्या राज्यांत १८१२-१३ चा दुष्काळ आला आणि खाणकाम थांबलें. १८१८ सालीं इंग्रजांचा वकील म्हणून कर्नल टॉड मेवाडांत आला, तेव्हां ह्या खाणी बंद पडलेल्या होत्या.

सारा दोष मराठ्यांच्या माथीं मारावा, असें मी म्हणत नाहीं. अवर्षण कोणी आणीत नाहीं, आणि मेवाडच्या सरदारांनीं आपसांत भांडावें हें कांहीं पुण्याहून शिकविलें गेलें नव्हतें. परंतु धातु संपला म्हणून खाण मिटली, असें मात्र झालें नाहीं. विसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत तेथें पुन्हां काम सुरू झालें. १९६६ पासून तें हिंदुस्थान झिंक कंपनीकडे आहे, आणि आजहि तेथून शिसें व जस्त निघतें. म्हणजे धन डोंगरांत होतेंच. नाहींसें झालें तें वेगळेंच. मूस कशी मळावी, आंच किती द्यावी, नळी केव्हां उतरावी, हें बापानें लेंकास हातीं धरून शिकविलेलें ज्ञान नाहींसें झालें. खाण पुन्हां उघडली, पण वांग्यासारख्या मुशींच्या त्या भट्ट्या पुन्हां कधीं पेटल्या नाहींत.

दुष्काळांतून सांवरावयास राज्याजवळ कांहीं शिल्लक लागते, आणि मेवाडची शिल्लक कोणीं नेली, ह्याच्या उत्तरांत आपलेंहि नांव आहे. आज वर्ग मजपुढें असता तर १७३६ ही तारीख मीं फळ्यावर लिहिली असतीच. तिच्यापुढें १८१२ हीहि लिहिली असती, आणि मगच फळा पुसला असता.