धुराची कमाई

वजनाच्या मापानें एक भाग पेट्रोल पुरतें जाळावयाचें तर त्यास सुमारें पंधरा भाग हवा लागते. टांकींतून पेट्रोल हवें तितकें पुरवितां येतें. अडचण पडते ती हवेची. दट्ट्या खालीं उतरतांना सिलिंडरांत जी पोकळी होते, तींत बाहेरची हवा आपण होऊन जेवढी शिरेल तेवढीच. म्हणून अधिक शक्ति पाहिजे असल्यास एंजिन मोठें करावें, तें अधिक जलद फिरवावें, किंवा त्याच एंजिनांत हवा कोंबून भरावी, असे तीनच मार्ग राहतात. यांपैकीं तिसऱ्या मार्गाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हवा कोंबावयाची कोणी आणि त्या श्रमाचा खर्च सोसावयाचा कोणी, या एका प्रश्नावर एंजिनियरांचे शंभर वर्षें दोन पक्ष होते. त्या वादाचा निकाल अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत लागला, आणि त्याची साक्ष पुण्याजवळच्या कारखान्यांत व मुंबईच्या उपनगरांतील रस्त्यांवरहि सांपडते.

पहिला पक्ष पट्ट्याचा. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत कॉनर्सव्हिल येथें राहणाऱ्या रूट्स नांवाच्या दोघां भावांनीं १८६० सालीं एका पंख्याचें पेटंट घेतलें. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखीं दोन चक्रें एका पेटींत परस्परांस न घासतां उलटसुलट फिरतात आणि हवेचा एकेक घांस पुढें ढकलतात, अशी त्याची रचना. मोटार तेव्हां जन्मासहि आली नव्हती; भट्टीला वारा घालावा, खाणींत मोकळी हवा न्यावी, हीं त्या पंख्याचीं कामें. पुढें गॉटलीब डाइम्लर यानें १८८५ सालींच एंजिनांत दाबानें हवा भरण्याचें पेटंट घेतलें. परंतु बाजारांत तशी मोटार येण्यास १९२१ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मर्सिडीजनें ‘कॉम्प्रेसर’ बसविलेल्या दोन मोटारी मांडल्या. १९२८ च्या प्रसिद्ध ‘एसएसके’ मोटारींत चालकानें पायाखालील पट्टी तळापर्यंत दाबली म्हणजे पंखा जोडला जाई आणि एंजिन किंचाळूं लागे. ही किंकाळी हाच त्या मोटारीचा अर्धा लौकिक होता असें म्हटलें तरी चालेल.

या पद्धतीचा, म्हणजे सुपरचार्जरचा, गुण असा कीं, पंखा एंजिनाच्या मुख्य दांड्याशींच पट्ट्यानें अथवा दंतचक्रानें बांधलेला. एंजिन फिरलें कीं तोहि फिरला. पाय दाबतांक्षणींच जोर मिळतो. दोषहि तोच. पंख्याचे श्रम एंजिनाच्या कमाईंतून वजा होतात. मोठ्या एंजिनावर हा खर्च कित्येक डझन अश्वशक्तींचा असतो. घरांतील कर्त्या पुरुषानें मिळवावें आणि त्यांतील मोठा वांटा त्याच्याच जेवणावर खर्च व्हावा, असा हा प्रपंच.

दुसरा पक्ष धुराचा. पेट्रोलमध्यें जी उष्णता असते तींतील सुमारें एक तृतीयांश सायलेन्सरवाटे धुराबरोबर वाऱ्यावर जाते. विंटरथूर येथील सुल्झर कारखान्यांतील आल्फ्रेड ब्यूखी या स्विस एंजिनियरास हें उधळपट्टीचें वाटलें. त्यानें १९०५ सालीं पेटंट घेतलें: बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेंत एक चक्र ठेवावें, त्याच्या दांड्याच्या दुसऱ्या टोंकाला हवा दाबणारें दुसरें चक्र बसवावें, धुरानें पहिलें फिरवावें, दुसऱ्यानें हवा भरावी. कल्पना सोपी, परंतु तापलेल्या धुरांत टिकेल असें पोलाद त्या काळीं मिळेना. वीस वर्षांनीं, १९२५-२६ मध्यें, ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेस्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल एंजिनांवर तिचा प्रयोग सफळ झाला आणि प्रत्येक एंजिनाची शक्ति १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. मध्यंतरीं १९१८ सालीं सॅनफर्ड मॉस यानें अशाच यंत्राची परीक्षा अमेरिकेंतील पाइक्स पीक या १४,००० फूट उंचीच्या शिखरावर घेतली होती. विरळ हवेंत दमणारें विमानाचें एंजिन तेथेंहि सपाटीवरच्या इतकीच शक्ति देऊं लागलें.

‘धूर फुकट आहे’ असें उत्साही लोक म्हणतात, तें मात्र पुरतें खरें नव्हे. वाटेंत चक्र आडवें आलें म्हणजे धूर तुंबतो आणि त्याला बाहेर ढकलतांना दट्ट्याला थोडे अधिक श्रम पडतात. तरी हिशेब बहुधा नफ्याचा होतो. खरी अडचण विलंबाची होती. एंजिन मंद फिरत असतां धूर थोडा. चक्र गति घेईपर्यंत चालकानें वाट पाहावयाची. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबील आणि शेव्हरोले यांनीं टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारी विकावयास काढल्या, परंतु त्या फार दिवस टिकल्या नाहींत. १९८१ मध्यें इटलीच्या माझेराटी कंपनीनें एका मोठ्या चक्राऐवजीं दोन लहान चक्रें बसविलेली मोटार बाजारांत आणली. चक्राचा व्यास थोडा कमी केला तरी त्याचा जडपणा फार झपाट्यानें उतरतो, म्हणून दोन लहान चक्रें एका मोठ्यापेक्षां लौकर जागीं होतात. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या एंजिनाच्या दोन बाजू असतात. प्रत्येक बाजूच्या धुराला स्वतःचें चक्र मिळालें. जोड-टर्बोचें मूळ तें हें.

मुंबईच्या मोटारीला या वादाची झळ फार उशिरां लागली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून जी फियाट आणि पुढें पद्मिनी बाहेर पडली, तिचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें आणि चाळीसएक अश्वशक्तीचें. तें आपल्या आपण श्वास घेई, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ओढी, आणि बिघडलें तर घाटकोपरच्या वा अंधेरीच्या कोणत्याहि गल्लींतील मिस्त्री तें कानानें ऐकून दुरुस्त करी. उपनगरांतील कारागिरांच्या दोन पिढ्या या एंजिनावर शिकल्या, ही गोष्ट पुढच्या विवेचनासाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. टर्बोचार्जर लोकांच्या कानीं पडला तो रेल्वेच्या रुळांवरून. १९६२ सालीं अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ जातीच्या २६०० अश्वशक्तीच्या डिझेल एंजिनांवर तो होता, आणि १९९८ मध्यें कोंकण रेल्वे पुरी सुरूं झाल्यावर कल्याण शेडचीं त्याच कुळांतील एंजिनें कोंकणच्या गाड्या ओढीत. ठाण्याच्या फलाटावर पहांटे उभ्या असलेल्या चाकरमान्यानें जी लांब शीळ ऐकली, ती त्या धुराच्या चक्राची होती.

मोटारींत हा पालट प्रत्यक्ष घडला तो पुण्याजवळ. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४ सालीं निघाली; प्रथम टेल्कोच्या आवारांत आणि २००९ पासून चाकण येथें तिची जुळणी चाले. तिच्या ‘सी २००’ या सेडान मोटारीच्या पाठीवर ‘कॉम्प्रेसर’ हें जुनें कुलनाम झळकत असे. एंजिन १७९६ घनसेंटिमीटरांचें, शक्ति १८४ अश्वशक्ति. २०१० मध्यें तीच मोटार ‘सीजीआय’ या नांवानें येथें आली. एंजिन तेवढ्याच मापाचें, शक्ति पुन्हां १८४ च. परंतु सुपरचार्जर जाऊन टर्बोचार्जर आला होता. फरक ओढीत पडला. पूर्वीं २५० न्यूटन-मीटरची पुरी ओढ मिनिटाला २८०० फेऱ्यांपासून मिळे. आतां २७० न्यूटन-मीटरची ओढ १८०० फेऱ्यांपासूनच मिळूं लागली. धुराचें चक्र आळशी म्हणून शंभर वर्षें ज्याची हेटाळणी झाली, तेंच पट्ट्याच्या पंख्याआधीं हजार फेऱ्या कामावर हजर झालें! अर्थात् हें यश एकट्या चक्राचें नव्हे. नव्या एंजिनांत पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरांत मारण्याची सोय होती, आणि त्याचा मेंदूहि नवा होता.

मोठ्या व वेगवान सेडानांची हकीकत याहून बोधक आहे. त्याच कंपनीच्या २००२ सालच्या ‘ई ५५’ मध्यें ५४३९ घनसेंटिमीटरांचें आठ सिलिंडरी एंजिन सुपरचार्जरच्या बळावर ४७६ अश्वशक्ति देई. पंखा लागेल तेव्हांच विजेच्या क्लचनें जोडला जाई, म्हणजे ‘एसएसके’चीच युक्ति. २०११ मध्यें तिच्या वारसदाराला ५४६१ घनसेंटिमीटरांचें जोड-टर्बो एंजिन मिळालें: शक्ति ५२५ अश्वशक्ति. परंतु मधल्या नऊ वर्षांत काय झालें तें पाहण्यासारखें आहे. कारखान्यानें जुन्या एंजिनावरचा पंखा काढून त्या जागीं दोन चक्रें बसविलीं नाहींत. जुनें एंजिन त्यानें टाकूनच दिलें. २००६ मध्यें ६२०८ घनसेंटिमीटरांचें, आपण होऊन श्वास घेणारें निराळें एंजिन केलें, आणि मग तेंहि बाजूस सारून तिसरें नव्यानें घडविलें. त्या तिसऱ्यानें दुसऱ्यापेक्षां शेंकडा २२ इंधन वांचविलें असें कंपनीनें जाहीर केलें. प्रदूषणाचे नियम कडक होत चाललेल्या युरोपांत हीच बाब निर्णायक ठरली.

मुंबईच्या टाटा मोटर्सनें २००८ सालीं जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. त्यांच्या पांच लिटरच्या आठ सिलिंडरी एंजिनावर सुपरचार्जर होता, व तो एंजिनाच्या दोन बाजूंमधल्या खांचेंत बसे. वेल्समधील ब्रिजएंड येथें फोर्डच्या कारखान्यांत तें एंजिन होत असे. तो कारखाना २०२० च्या सप्टेंबरांत बंद झाला. २०२१ च्या आक्टोबरांत दाखविलेल्या नव्या रेंज रोव्हरला बीएमडब्ल्यूचें ४.४ लिटरचें जोड-टर्बो एंजिन मिळालें. गंमत अशी कीं, या एंजिनाचे दोन्ही टर्बोचार्जर त्याच मधल्या खांचेंत बसतात. त्यासाठीं धुराच्या वाटा आंतल्या अंगाला आणि हवेच्या वाटा बाहेरच्या अंगाला घ्याव्या लागतात, म्हणजे एंजिनाचें डोकेंच उलटें घडवावें लागतें.

आतां उपनगरांतील एखाद्या हौशी गृहस्थानें आपल्या जुन्या सुपरचार्जरवाल्या सेडानला जोड-टर्बो बसवावयाचें मनांत आणलें, तर त्याच्यापुढें काय वाढून ठेवलेलें असतें तें यावरून कळेल. पंखा आणि त्याचा पट्टा काढला म्हणजे हवा वांटणारी नळ्यांची बैठकहि जाते, कारण ती पंख्याशींच जुळलेली असते. धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या नव्यानें वांकवून जोडाव्या लागतात. जुन्या एंजिनाचा धूर बाहेरच्या अंगाला निघतो, आणि तेथें चाकाच्या कमानीजवळ दोन चक्रांना जागा शोधावी लागते. चक्रें मिनिटाला एक लक्षाहून अधिक फेऱ्या घेतात व धूर नऊशें अंशांपर्यंत तापतो. त्यांच्या बेअरिंगांना दाबानें वंगण पोंचवावें लागतें, आणि तें तेल आपल्या वजनानें परत खालीं उतरेल असा उतार ठेवावा लागतो. मग दाब फार वाढूं नये म्हणून सुटकेची झडप, अधिक पेट्रोल देणारे इंजेक्टर, संगणकांतील नवा हिशेब. हिशेब चुकला तर एंजिनांत अवेळीं स्फोट होतात आणि दट्ट्याला भोंक पडतें. पद्मिनीवर कान तयार केलेला मिस्त्री येथें कुचकामाचा ठरतो असें नाहीं; परंतु नुसत्या कानावर हें काम होत नाहीं.

मुंबईचें हवामान ही वेगळीच कसोटी. दाबलेली हवा तापते; ती निववावयास इंटरकूलर लागतो, आणि मे महिन्यांत लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर ते मुलुंड गाडी गोगलगाईच्या गतीनें सरकत असतां त्याला वारा कोठून मिळणार? पावसाळ्यांत तर हाच इंटरकूलर आणि हवा ओढणारें तोंड बंपरच्या पाठीमागें खालीं असलें म्हणजे धोका दुप्पट होतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तें वर्ष सोडून द्या. अंधेरीचा भुयारी रस्ता साध्या मुसळधारेनेंहि भरतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. तें सिलिंडरांत शिरलें कीं दट्ट्याचा दांडा वांकतो.

आणि शेवटीं कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ सांगतें कीं, नोंदणीपुस्तकांत लिहिलेला तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकानें करूं नये. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें या कलमाचा कडक अर्थ लावला, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बदलाला पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा घातली. अंधेरीच्या वा बोरिवलीच्या परिवहन कार्यालयांत मोटारीचा रंग बदलल्याची नोंद होते. पेट्रोलच्या जागीं सी.एन.जी.चा मान्यताप्राप्त संच बसविला, तर त्याचीहि होते. एंजिन विजेवर चालवावयाचें म्हटलें तरी तेंच कलम ठराविक अटींवर वाट मोकळी ठेवतें. इंधन बदलण्यास कायद्याची अशी संमति आहे. पट्ट्याचा श्वास सोडून धुराचा घेण्यास ती नाहीं.