रक्तदाब आणि खेड्यातील जगण्याचा दर्जा

उच्च रक्तदाब हा शहरी धकाधकीचा आजार आहे, हा समज आता टिकणारा नाही. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे २० टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष उच्च रक्तदाबाचे रुग्ण आहेत. शहरांतील प्रमाण याहून थोडेच अधिक आहे.

वरचा रक्तदाब १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक राहिल्यास तो उच्च मानला जातो. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. दुखतखुपत नसताना मजुरी बुडवून दवाखान्यात कोण जाणार? त्यामुळे अनेकदा निदान होते ते पक्षाघाताचा झटका आल्यावरच. गडचिरोलीतील 'सर्च' या संस्थेने २०११ ते २०१३ दरम्यान ८६ गावांत केलेल्या अभ्यासात पक्षाघात हेच मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले. एकूण मृत्यूंपैकी सुमारे १४ टक्के मृत्यू त्यामुळे झाले होते.

चार बाजू

जगण्याचा दर्जा मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २६ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली आहे. शारीरिक स्थिती, मनःस्थिती, सामाजिक संबंध आणि परिसर या चार बाजूंचा तीत विचार होतो. हातात पैसा आहे का, आरोग्यसेवा मिळते का, प्रवासाची सोय आहे का, हे प्रश्न 'परिसर' या बाजूत येतात. खेड्यातील रुग्णाची खरी कोंडी येथेच होते. गोळी स्वस्त असली, तरी ती आणण्यासाठी एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी मोजावी लागते.

गोळी का सुटते?

औषधांचे दुष्परिणामही दैनंदिन जीवनाला भिडतात. अ‍ॅम्लोडिपिनमुळे काहींच्या पायांवर सूज येते. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी दिवसभर रानात खुरपणी करणाऱ्या स्त्रीसाठी मोठी अडचण ठरते. असे रुग्ण कोणाला न सांगता गोळी बंद करतात. वास्तविक डॉक्टरांना सांगितल्यास औषध, मात्रा किंवा गोळी घेण्याची वेळ बदलता येते. मनाने औषध सोडणे मात्र धोक्याचे असते.

औषध गावाजवळ

या अडचणी ध्यानात घेऊन २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. ठरावीक व सोपी उपचारपद्धती, सरकारी केंद्रांतून मोफत औषधे, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या आणि न फिरकलेल्या रुग्णांचा पाठपुरावा, ही त्याची वैशिष्ट्ये होत. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

औषधाला आहाराची जोड हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे साधारण चमचाभराहून, कमी मीठ खावे. लोणचे, पापड, खर्डा आणि खारवलेली सुकी मासळी यांतील मीठही या हिशेबात धरावे लागते.

गावाकडील वडीलधाऱ्यांची विचारपूस करताना 'बीपी किती आहे?' एवढेच विचारणे पुरेसे नाही. गोळ्या किती दिवसांच्या उरल्या, त्या कोठून आणता आणि घेतल्यावर काही त्रास होतो का, हेही विचारायला हवे.